सरळ रांगांची बाग

“…मग माणसं येत का नाहीत, बाबा?”

तापीकाठच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात उखर्डूबाबा उकिडवे बसून लसणाच्या गड्ड्या फोडत होते. एकेक पाकळी ॲल्युमिनियमच्या ताटलीत पडत होती. टप… टप…

विचारणारे होते प्रल्हाद भंगाळे. भुसावळचे. रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर म्हणून छत्तीस वर्षं काढून गेल्या वर्षी निवृत्त झालेले.

उखर्डूबाबा काही मोठे महाराज नव्हते. त्यांना मठ नव्हता, गादी नव्हती. नदीकाठी महादेवाचं लहानसं देऊळ होतं. त्याच्या आवारात ते राहायचे आणि शेजारच्या तुकड्यात भाजीपाला लावायचे. काही अडलं की लोक त्यांच्याकडे जायचे. बाबा फारसं बोलायचे नाहीत. तरीही परत येणारा माणूस जरा हलका होऊन आलेला दिसायचा.

भंगाळे मात्र आयुष्यात कुणाला काही विचारायला गेले नव्हते. लोकच त्यांना विचारत. त्या बुधवारी सकाळी ते गेले, कारण रविवार चार दिवसांवर आला होता.

गोष्ट अशी होती.

भंगाळ्यांच्या कॉलनीत तिसऱ्या गल्लीत तीन प्लॉट वीस वर्षं नुसते पडून होते. मालक वारके बंधू, तिघेही सुरतेला. प्लॉटांवर कमरेएवढं गाजरगवत वाढलेलं. लोक पाडलेल्या भिंतींच्या विटा, फुटक्या टाइल्स, जुन्या गाद्या तिथंच आणून टाकत. डुकरं लोळत. पावसाळ्यात साप निघे.

मागच्या वर्षी भंगाळ्यांनी थोरल्या वारक्यांना पत्र लिहिलं. तुमची जागा आम्हाला बागेसाठी वापरू द्या, मागाल तेव्हा परत करू. वारके हो म्हणाले. मग कॉलनीतली अठरा घरं एकत्र आली. चार ट्रॅक्टर डबर निघालं. गाद्या निघाल्या, काचा निघाल्या, एक अख्खा संडासाचा दरवाजा निघाला. तो कुणाचा यावरून दोन दिवस हसाहशी चालली.

अर्ध्या जागेत वाफे केले, दर घराला एक. उरलेल्या जागेत बाकडी, दोन झोके आणि फिरायला गोल वाट. कडेनं कडुनिंब आणि बहावा लावला.

सुरुवातीला संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. मग हळूहळू माणसं कमी झाली. आता तर भंगाळ्यांशिवाय तिथं कुणी फिरकत नव्हतं.

आणि दिवाळीनंतर थोरल्या वारक्यांचा फोन आला. एक मंडपवाला त्यांच्या मागे लागला होता. बांबू आणि खुर्च्या ठेवायला त्याला हीच जागा हवी होती. वारके म्हणाले, मी रविवारी येतो. जागा माणसांच्या उपयोगाची असेल तर राहू द्या. एकट्या माणसाचं खूळ असेल तर मग…

पुढचं ते बोलले नाहीत. भंगाळ्यांना ते ऐकू आलंच.

निवृत्तीनंतर सकाळी उठावंसं वाटेल अशी भंगाळ्यांच्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट उरली होती.

हे सगळं त्यांनी बाबांना सांगितलं. मग माणसं का येत नाहीत त्याची कारणंही स्वतःच सांगितली. मोबाइल. मालिका. आळस. मुलांच्या शिकवण्या. आजकाल कुणाला मातीत हात घालायला नको असतो. बाबा ऐकत होते आणि पाकळ्या पडत होत्या.

“तुम्ही बागेत कधी जाता, भाऊ?” शेवटी बाबांनी विचारलं.

“पहाटे पाचला. आणि संध्याकाळी सगळे घरी गेले की पुन्हा एकदा.”

“सगळे गेल्यावर कशाला?”

“सारखं करायला.”

बाबांनी मान वर केली.

भंगाळ्यांनी समजावून सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात जरा ताठा आला. रुळांचं काम करताना ते रुळाला गाल टेकवून लांबवर बघत आणि हातानं खूण करत. मग गँगमन पहारी लावून रूळ अंगठाभर सरकवत. एवढा बारीक बाक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. तीच नजर त्यांनी बागेला दिली होती. खुंट्या मारून सुतळी बांधली होती. कुणाची मेथी रांग सोडून उगवली, तर ती उपटून सुतळीवर लावायची. कुणी वांग्यांत झेंडू लावला, तर झेंडू फुलांच्या वाफ्यात न्यायचा. सगळ्या वाफ्यांना रोज पाणीही तेच घालत. घरी विमलताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की आता फक्त आकाशातल्या चांदण्याच रांगेत लावायच्या राहिल्यात. भंगाळे ते हसण्यावारी नेत.

“पण बाबा, मी कुणाला दुखावलं नाही. लोक चुकायचे, मी गुपचूप नीट करायचो. कुणाला एक शब्द बोललो नाही.”

“हं…” बाबा म्हणाले.

मग त्यांनी ताटली पुढं सरकवली. लसूण लावायचाय, म्हणाले, तेवढा हातभार लावा.

भंगाळे खूश झाले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाफ्याच्या कडेला बसले. चार चार बोटांवर एकेक पाकळी, बूड खाली, शेंडा वर. सुतळी नव्हती, पण त्यांना ती लागत नव्हती.

दहाबारा पाकळ्या झाल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं.

बाबा त्यांच्या मागं बसले होते. भंगाळ्यांनी लावलेली पाकळी ते बोटानं उकरून काढत होते आणि पुन्हा लावत होते. मग पुढची. मग त्याच्या पुढची.

भंगाळ्यांना वाटलं, आपण उलट्या लावल्या असतील. त्यांनी पुढच्या पाकळ्या निरखून लावल्या.

बाबांनी त्याही काढल्या. पुन्हा लावल्या. कुठं बोटभर अलीकडे, कुठं बोटभर पलीकडे. कुठं तर जिथं होती तिथंच.

भंगाळ्यांनी खोली तपासली. अंतर मोजलं. एक पाकळी तर त्यांनी इतकी जपून लावली, की तिच्यात चूक काढायला कुणाला काही मिळालं नसतं.

बाबांनी ती काढली.

भंगाळ्यांच्या कानशिलाला घाम आला. हात थांबले. पुढची पाकळी उचलावीशीच वाटेना. ताटलीत अजून अर्ध्याहून जास्त लसूण होता, आणि त्यांच्या मनात एकच आलं, की उठावं, हात धुवावेत आणि घरी जावं.

“बाबा, माझं चुकतंय काय?”

“काही नाही.”

“मग तुम्ही…”

“मी तुम्हाला एक शब्द तरी बोललो का, भाऊ?”

भंगाळे पाकळी हातात धरून तसेच बसले.

नदीपलीकडून मालगाडी गेली. एरवी ते डबे मोजत. आज गाडी कधी गेली ते त्यांना कळलंही नाही.

त्यांना बागेलगतच्या घरातल्या वाहिदाभाभी आठवल्या. आपल्या वाफ्यापाशी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि कोथिंबीर शोधत होत्या. कोथिंबीर तिथंच होती, फक्त सरळ झाली होती. दुसऱ्या दिवसापासून नळापाशी ठेवलेली त्यांची हिरवी बादली दिसेनाशी झाली.

त्यांना शिरसाळे अण्णा आठवले. अण्णा ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी जवळजवळ अधू. त्यांनी बाकाच्या पायापाशी पुदिना लावला होता. बाकावर बसायचं, हात खाली सोडायचा, पान चुरडायचं आणि वास घ्यायचा. भंगाळ्यांनी तो पुदिना पालेभाज्यांच्या वाफ्यात हलवला होता. पुदिना पालेभाजी आहे म्हणून.

“मी सगळं होतं तसं करतो,” भंगाळे घाईघाईनं म्हणाले. “कुठून काय हलवलं ते सगळं माझ्या वहीत आहे. दोन दिवसांत जिथल्या तिथं लावून देतो.”

बाबा हसले. दात नव्हते, त्यामुळे ते हसू फार मोठं दिसलं.

“रविवारपर्यंत बागेत हात लावू नका.”

“म्हणजे?”

“जा, बसा. हात लावू नका.”

“पाणी तरी…”

“पाणीही नाही.”

“बाबा, वाळून जाईल सगळं. माणसं नाहीत ती नाहीत, वारक्यांना हिरवळ तरी दिसायला नको?”

बाबांनी ताटली स्वतःकडे ओढून घेतली.

“वाळेल,” ते म्हणाले, आणि पुढची पाकळी लावायला लागले.

गुरुवारी पहाटे पाचला भंगाळे बागेत गेले आणि बाकावर बसले. नळ समोर होता. पाइप गुंडाळून ठेवलेला होता. भंगाळ्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

दिवसभरात कुणी आलं नाही. संध्याकाळी मेथीनं मान टाकली. गोल वाटेच्या कडेला कुणाची तरी मुळ्याची ओळ होती, आणि तिच्यातलं एक रोप सगळ्यांना सोडून भलतीकडेच उगवलेलं होतं. भंगाळे त्याच्याकडे पाठ करून बसले. मग थोड्या वेळानं वळून बघितलं. ते तिथंच होतं.

घरी गेल्यावर विमलताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

शुक्रवारी उन्हं वर आली तेव्हा वाहिदाभाभींच्या गच्चीचं दार वाजलं. थोड्या वेळानं त्या खाली आल्या. फाटकापाशी थांबल्या. आत येऊ की नको अशा.

“भंगाळे साहेब, तब्येत बरी नाही का? काल पाणी नाही घातलं तुम्ही. आजही नाही.”

“तब्येत बरी आहे.”

“मग?”

भंगाळ्यांनी खूप विचार केला. मग त्यांनी अशी गोष्ट केली, जी त्यांनी त्या बागेत एकदाही केली नव्हती. त्यांनी विचारलं.

“भाभी, कोथिंबिरीला रोज पाणी लागतं का हो?”

वाहिदाभाभी बघतच राहिल्या.

“रोज? रोज पाजून पाजूनच तर तुम्ही तिला पिवळी केलीत. मी वरून बघत होते ना. जीव नुसता वरखाली व्हायचा.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्हाला कोण सांगणार?”

त्या परत गेल्या. भंगाळ्यांना वाटलं, संपलं. पण पाच मिनिटांनी हिरवी बादली घेऊन त्या आल्या आणि सोबत समोरच्या कुंदावहिनींनाही घेऊन आल्या. कुंदावहिनी कॉलनीत बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या भंगाळ्यांना सुनावलं, की माणूस आजारी असला तर निदान सांगावं, मेथीनं काय घोडं मारलंय. भंगाळे आजारी नाहीत हे त्यांना पटेना. दुपारपर्यंत कॉलनीभर झालं, की भंगाळे साहेबांना कसलातरी मानसिक धक्का बसलाय आणि ते बाकावर हात दाबून बसून असतात. तीन घरांतून काढा आला. एका घरातून मुगाची खिचडी आली. काढा आणणारे काढा देऊन तसेच जाईनात. आपल्या वाफ्याशी वाकत, सुकलेलं पान काढत, बादली शोधत.

भंगाळ्यांनी तिन्ही काढे प्यायले. नाही म्हणणं त्यांना बरं वाटेना.

सगळे कामात होते तेव्हा ते उठले आणि शिरसाळे अण्णांच्या घरी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते.

“अण्णा, मी भंगाळे. तुमचा पुदिना सुकतोय.”

“माझा कुठला? माझा तर कधीच गेला.”

“मी नेला होता. दुसऱ्या वाफ्यात.”

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

“मला वाटलं, मीच बाक चुकलो,” ते म्हणाले. “डोळे गेलेत ना… दोन दिवस सगळ्या बाकांखाली चाचपून बघितलं. मग म्हटलं, आता हेही कळेनासं झालं आपल्याला. कशाला जा.”

छत्तीस वर्षांत भंगाळ्यांच्या हातून एकदाही गाडी घसरली नव्हती. हे त्यांनी किती जणांना सांगितलं होतं.

“तो कुठं लावायचा ते मला कळत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही येऊन दाखवता का?”

“मला दिसत नाही, मी काय दाखवणार?” अण्णा म्हणाले. पण बोलता बोलता ते काठी शोधत होते.

अण्णांनी पुदिना बाकाच्या पुढं लावला. म्हणजे जवळजवळ वाटेवरच. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडेल अशा ठिकाणी. भंगाळ्यांनी तोंड उघडलं… आणि मिटलं.

शनिवारी सात घरं आली. कुंदावहिनींनी वाफ्याची सुतळी काढून तिच्यावर वेल चढवला. कुणीतरी वांग्यांत पुन्हा झेंडू लावला. भंगाळे बसून होते. मधूनच कुणी लांबून ओरडून विचारायचं, साहेब, बरं वाटतंय ना आता? भंगाळे मान हलवायचे. खरंच बरं वाटत होतं. फक्त त्या मुळ्याच्या रोपाकडे अजून बघवत नव्हतं.

रविवारी दहा वाजता थोरले वारके आले. साठीचा जाडजूड माणूस, पांढरे बूट. बरोबर कुणी नव्हतं आणि त्यांना कॉलनीत कुणी ओळखतही नव्हतं. भंगाळ्यांनी लगबगीनं पुढं जाऊन नमस्कार केला.

वारक्यांनी बाग बघितली. वाकड्या ओळी, मध्येच झेंडू, सुतळीवरचा वेल, झोक्यावरून पोरींचं भांडण. अण्णा बाकावर बसून कुणाला तरी मोठ्या आवाजात एकोणीसशे बासष्टची गोष्ट सांगत होते.

“तुम्ही फोटो पाठवले होते, त्यात फार नीटनेटकी दिसत होती हो,” वारके म्हणाले.

“हो,” भंगाळे म्हणाले.

त्यांनी वहीत मुद्दे लिहून आणले होते. वही खिशातच राहिली.

वारके बोलता बोलता दोन पावलं मागं सरकले. तेवढ्यात आवाज आला.

“अहो, पाय काढा. मेथी आहे तिथं. दिसत नाही का?”

कुंदावहिनी खुरपं हातात घेऊन उभ्या होत्या. वारक्यांनी चटकन पाय उचलला. कुठं ठेवावा ते कळेना, तेव्हा एका पायावर डोलत राहिले. कुंदावहिनींनी दंडाला धरून त्यांना वाटेवर आणलं आणि वर म्हणाल्या, की नवीन दिसता, बागेत फिरायचं असेल तर आधी खाली बघायला शिका.

भंगाळ्यांनी डोळे मिटून घेतले. संपलं, ते मनात म्हणाले.

वारके फाटकाकडे निघाले. भंगाळे मागोमाग. फाटकापाशी वारके थांबले आणि बुटाला लागलेली माती बघत राहिले.

“माझ्याच प्लॉटमधून हाकललं हो मला त्यांनी.”

“त्यांना माहीत नव्हतं, साहेब. मी त्यांना सांगतो…”

“नका सांगू.” वारक्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. “मंडपवाल्याला मी नाही म्हणून कळवतो. जागा मोकळी नाही, म्हणतो.”

सोमवारी भंगाळे तापीकाठी गेले. बाबा लसणाला पाणी देत होते. लसणाचे हिरवे कोंब नुकतेच वर आले होते.

भंगाळ्यांनी सगळं सांगितलं. सांगताना मध्ये मध्ये स्वतःच हसले. मग जरा सावरून बसले आणि म्हणाले, की बाबा, आता मला समजलं. आता वाकड्या रांगेनं मला काही होत नाही.

बाबांची झारी चालूच होती.

“म्हणजे… थोडं होतं,” भंगाळे म्हणाले.

बाबांनी झारी खाली ठेवली आणि हात पुसले.

भंगाळ्यांनी पिशवी उघडली. सगळ्यांनी बाबांसाठी भाजी दिली होती. ही वाहिदाभाभींची कोथिंबीर, त्यांनी दाखवली. ही कुंदावहिनींची मेथी, चौथ्या वाफ्यातली. हा अण्णांचा पुदिना. हा माझा पालक, मी लावलेला. एकेक जुडी त्यांनी देवळाच्या पायरीवर ओळीनं मांडली.

बाबांचे हात मांडीवरच होते. ते नुसते बघत होते.

पिशवीच्या तळाशी एक वांगं होतं. भरताचं, मोठं, एका अंगानं जरासं खरचटलेलं. भंगाळ्यांनी ते बाहेर काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे कुणाच्या वाफ्यातलं?” बाबांनी विचारलं.

भंगाळे आठवत राहिले. अठरा वाफे, एकेक रोप त्यांना पाठ होतं…

“कळत नाही, बाबा. कुणीतरी पिशवीत टाकलंय.”

बाबांनी हात पुढं केला.

“मग ते द्या. तुमच्या वहीत नसलेलं.”